पाहणारा आणि पाहिलेले – लेखांक ६ : वलय खरे कशावरून?

गेल्या आठवड्यात आपण हवामानाचे मॉडेल पाहिले. ते उद्याविषयी बोलते. आजच्या उदाहरणात मात्र जे आज समोर आहे, तेसुद्धा मॉडेलवाचून दिसत नाही.

१० एप्रिल २०१९ रोजी कृष्णविवराचे पहिले चित्र प्रसिद्ध झाले : नारिंगी वलय आणि मधोमध काळोख. एम-८७ दीर्घिकेच्या केंद्रातले हे कृष्णविवर सुमारे ५.५ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. ते टिपायला पृथ्वीएवढी दुर्बीण हवी. तशी बांधता येत नाही, म्हणून एप्रिल २०१७मध्ये हवाई, अ‍ॅरिझोना, मेक्सिको, चिली आणि स्पेन येथील ७ रेडिओ दुर्बिणी एकाच वेळी त्या दिशेला रोखल्या गेल्या. त्यांनी १.३ मिलिमीटर लांबीच्या लहरी नोंदवल्या. या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत. नारिंगी रंग शास्त्रज्ञांनी निवडलेला आहे.

दुर्बिणींच्या प्रत्येक जोडीतून चित्राविषयीची थोडीशीच माहिती मिळते. रांगोळीचे मोजकेच ठिपके पडलेले असावेत आणि त्यांवरून सगळी रांगोळी ओळखायची, तसे हे काम. तेच ठिपके अनेक तऱ्हांनी जोडता येतात. कोणती जोडणी मान्य करायची, याचा नियम संगणकाला आधी द्यावा लागतो. हा नियम माणूसच निवडतो.

धोका इथेच आहे. वलय दिसणार, ही अपेक्षा जुनी होती. फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ-पिएर ल्युमिने यांनी १९७९मध्येच संगणकाने गणित करून, शाईचे ठिपके हाताने देत कृष्णविवराचे चित्र काढले होते. मग २०१९चे वलय आकाशातले, की पाहणाऱ्याच्या मनातले?

संशोधकांनी हा प्रश्न टाळला नाही. त्यांचे चार गट झाले. सुमारे सात आठवडे त्यांनी एकमेकांना आपापली चित्रे दाखवली नाहीत. चारही गटांना वलयच मिळाले. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. वलय, चंद्रकोर, भरीव चकती आणि दोन वेगळे ठिपके अशा कृत्रिम आकृत्यांवरून त्यांनी लुटुपुटीची निरीक्षणे तयार केली आणि आपल्या पद्धती त्यांवर चालवून पाहिल्या. चकती दिली, तर चकतीच यायला हवी. तिच्या पोटात भोक पडले, तर ती पद्धत बाद.

पुढे सिम्युलेशनने तयार केलेल्या ६०,०००हून अधिक चित्रांशी निरीक्षणाची तुलना झाली. त्यांतली बरीच जुळली. म्हणजे वलय पक्के झाले, पण भोवतालचा वायू नेमका कसा वाहतो, हे त्या एका चित्राने ठरले नाही. मॉडेलने काय सिद्ध केले आणि काय उघडे ठेवले, हे दोन्ही सांगणे ही पाहणाऱ्याची जबाबदारी आहे.

एप्रिल २०१८मध्ये ग्रीनलंडची नवी दुर्बीण सोबत घेऊन पुन्हा निरीक्षण झाले. २०२४मध्ये त्याचे चित्र प्रसिद्ध झाले. वलयाचा उजळ भाग सुमारे ३० अंशांनी सरकला होता. व्यास मात्र तोच होता.