गोचीडताप आणि पपईचा रस

ठाणे, कल्याण-डोंबिवलीच्या दमट हवेत गोचिडी फोफावतात. गोचीडतापाने कुत्र्याच्या प्लेटलेट घटल्या, की डेंग्यूची आठवण होऊन पपईच्या पानांचा रस काढला जातो. पण डेंग्यूच्या विषाणूला शरीर स्वतःच हटवते. गोचिडीतून येणारा एर्लिकिया हा जीवाणू पांढऱ्या पेशींत दडून बसतो. प्लेटलेट वर आल्या, कुत्रा जेवू लागला, तरी महिनोन्महिने लपून तो पुढे अस्थिमज्जा निकामी करू शकतो. त्यावर डॉक्सिसायक्लिन साधारण ४ आठवडे द्यावे लागते. बबेसियाचे औषध निराळे, म्हणून आधी रक्ततपासणी. रस द्यायचाच तर पशुवैद्यांना विचारून, औषधाच्या जोडीला. गोचिडी पळवायला लसूण मात्र देऊ नये. त्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात.