अंदमानातील जपानी अंमल आणि त्याची अपुरी नोंद

परकीय सैन्य एखादा प्रदेश जिंकून तेथे आपला अंमल बसवते, तेव्हा त्या काळाचे कागद बहुधा दोन ठिकाणी तयार होतात, जिंकणाऱ्याच्या कचेरीत आणि पुढे तो प्रदेश परत घेणाऱ्याच्या कचेरीत. ज्या रहिवाशांनी तो अंमल प्रत्यक्ष सोसला, त्यांची हकिकत मात्र मागाहून आणि तुकड्यातुकड्यांनी गोळा करावी लागते. भारतापुरते याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे अंदमान-निकोबार बेटे, जी मार्च 1942 पासून ऑक्टोबर 1945 पर्यंत जपानी सैन्याच्या ताब्यात होती. शरणागतीपूर्वी जपान्यांनी आपले दप्तर जाळून टाकले, त्यामुळे येथे जिंकणाऱ्याची बाजूही कागदावर फारशी उरली नाही.

मराठी वाचकाच्या मनातील अंदमान ‘माझी जन्मठेप’ने घडवलेले आहे आणि सावरकर बंधूंना 1921 मध्ये तेथून हलवण्यात आले की ते जवळजवळ संपते, त्यानंतर आठवतो तो 30 डिसेंबर 1943 रोजी सुभाषचंद्र बोस यांनी पोर्ट ब्लेअरला फडकवलेला तिरंगा. त्याच सुमारास सेल्युलर जेलमध्ये डॉक्टर आणि पंजाबी कवी दिवाणसिंग ‘कालेपानी’ यांचा छळ चालू होता, आणि 14 जानेवारी 1944 रोजी त्यात त्यांचा अंत झाला. पुढे 30 जानेवारीला, म्हणजे ध्वजारोहणानंतर बरोबर एक महिन्याने, हंफ्रीगंज येथे 44 भारतीय नागरिकांना हेरगिरीच्या आरोपावरून गोळ्या घालण्यात आल्या. बेटांवरील पूर्वीचे पोलीस अधिकारी डेनिस मॅकार्थी जानेवारी 1943 मध्ये डच पाणबुडीतून गुपचूप उतरले होते, त्यामुळे ब्रिटिशांची टेहळणी ही काही निव्वळ कल्पना नव्हती. पण तिच्या संशयाची किंमत बेटावरच्या शिक्षक, कारकून आणि व्यापारी अशा माणसांनी मोजली. मित्र म्हणवणाऱ्या सत्तेच्या हातून घडलेले हे अत्याचार स्वातंत्र्यलढ्याच्या रूढ कथनात सहज बसत नाहीत, आणि त्यांच्याविषयीच्या मौनाचे हे एक प्रमुख कारण मानावे लागेल.

जी नोंद उरली तिचा मोठा भाग न्यायालयीन आहे. युद्धानंतर ब्रिटिशांनी सिंगापूर येथे युद्धगुन्ह्यांचे, म्हणजे युद्धाचे मान्य नियम मोडून कैद्यांवर किंवा नागरिकांवर केलेल्या अत्याचारांचे, खटले चालवले, आणि कार निकोबारमधील छळाचे प्रकरणही 1946 मध्ये तेथेच उभे राहिले. अशा साक्षी अमोल असल्या तरी त्या आरोप सिद्ध करण्यासाठी घेतलेल्या असतात, म्हणून कोणी कोणाला, कोठे आणि कोणाच्या हुकमाने मारले एवढे त्यांत सापडते. तांदूळ संपल्यावर घर कसे चालले, धावपट्टीच्या सक्तीच्या कामावर घरातील कोण गेले, शेजारच्या माणसाने पकडले गेल्यावर आपले नाव घेतले तर पुढे त्याच्याशी बोलणे कसे राहिले, हे वकील विचारत नाही. ऑगस्ट 1945 मध्ये अन्नटंचाईमुळे शेकडो लोकांना बोटींत भरून हॅवलॉक बेटाजवळ समुद्रात उतरवले गेले आणि त्यांतील फारच थोडे वाचले. मृतांचे आकडे निरनिराळ्या ग्रंथांत जुळत नाहीत, कारण मोजणीचा मूळ कागदच नाही.

ही उणीव काही अंशी भरून काढण्याचे साधन म्हणजे मौखिक इतिहास, अर्थात ज्यांनी प्रसंग पाहिला किंवा घरात ऐकला त्यांच्या मुलाखती पद्धतशीरपणे नोंदवून, परस्परांशी ताडून त्यांपासून इतिहास उभा करणे. अंदमानात ‘प्री-42’, म्हणजे 1942 पूर्वीपासून स्थायिक असलेल्या घराण्यांचे वंशज, ही सरकारी प्रवर्गाचीही ओळख असल्याने मुलाखतीसाठी कोणाकडे जावे हे ठाऊक आहे; मात्र ताबा आला तेव्हा दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदी ओलांडलेले असणार, म्हणून यापुढील बहुतेक कथन दुसऱ्या पिढीचे असेल. ऐकीव आठवणीत तारखा सरकतात आणि दोन प्रसंगांचा एक होतो, पण भीती, उपासमार आणि परस्परांवरचा अविश्वास यांविषयी ती सहसा दिशाभूल करत नाही. हंफ्रीगंजचे स्मारक, दिवाणसिंगांच्या नावाचा पोर्ट ब्लेअरमधील गुरुद्वारा आणि कुटुंबांनी जपलेले कागद हा या आठवणी पडताळून पाहण्याचा दुसरा आधार आहे. निकोबारी समाजाची नोंद याहूनही विरळ आहे, आणि तेथील कामाची सुरुवात निकोबारी भाषेतच व्हायला हवी.