मालूफची खुर्ची, आमचा नकाशा

नकाशाची गुंडाळी टेबलावर उलगडली, चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली. कागद पूर्ण आकाराचा, म्हणजे त्यावरचा पाय खऱ्या पायाएवढाच. आमचे मिस्त्री बराच वेळ नुसते बघत राहिले. मग कानावरची पेन्सिल काढून गुण्या कागदावर दोन-तीन ठिकाणी लावून पाहिला आणि म्हणाले, ‘‘साहेब, ह्यात काटकोन कुठाय?’’

प्रश्न चुकीचा नव्हता. सॅम मालूफच्या रॉकिंग चेअरमध्ये काटकोन आहेत, पण ते सांध्यांच्या पोटात. बाहेरून बोट फिरवलं तर पायावरून हातावर, हातावरून पाठीवर ते कुठेही न अडखळता जातं. कुणीतरी ओल्या मातीत केलेली वस्तू सुकून लाकडाची व्हावी, तशी ती दिसते.

मालूफ 1916 साली कॅलिफोर्नियातल्या चिनो गावी जन्मला. आईबाप लेबनॉनहून आलेले. सुतारकाम त्याने कोणा उस्तादाच्या हाताखाली शिकलेलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होता, परतल्यावर मिलर्ड शीट्स या चित्रकाराकडे नोकरीला लागला. 1948 मध्ये आल्फ्रेडाशी लग्न झालं; घरात फर्निचर नाही आणि ते घ्यायला पैसेही नाहीत, म्हणून टाकाऊ प्लायवूडचं स्वतःच केलं. ते बघून लोक मागायला लागले आणि नोकरी सुटली. हिशेब, पत्रं, गिऱ्हाइकं हे सगळं आल्फ्रेडा बघायची, म्हणून त्याला कारखान्यात राहता आलं. ही गोष्ट त्याच्या कौतुकात नेहमी मागे पडते. त्याच्या खुर्च्या मोठ्या प्रमाणावर काढण्याचे प्रस्ताव आले, त्याने ते नाकारले. 1985 मध्ये त्याला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, कारागिराला ती मिळण्याची ही पहिलीच वेळ. कार्टर आणि रेगन या दोन्ही अध्यक्षांकडे त्याच्या रॉकिंग चेअर होत्या. पैकी कार्टर स्वतः रंधा चालवणारे, तेव्हा त्यांना आपण कशावर बसलोय हे नक्की कळत असणार. एवढं सगळं होऊनही मालूफ स्वतःची ओळख ‘लाकूडकाम करणारा’ अशीच करून द्यायचा. 2009 मध्ये, त्र्याण्णवाव्या वर्षी तो गेला.

गंमत अशी, की ज्याच्या खुर्चीचे नकाशे आज जगभरचे हौशी सुतार शोधत असतात, तो स्वतः मोजमापांचे नकाशे काढून काम करणारा नव्हता. पायांचे, हातांचे साचे कापून भिंतीवर टांगलेले असायचे. साचा लाकडावर ठेवायचा, रेघ मारायची आणि बँडसॉवर जाड लाकूड नुसत्या हाताने तिरकं-उभं फिरवत कापायचं. हे करू नका, असं तो शिकायला आलेल्यांना बजावायचा. ते ऐकावं. पात्याखाली टेकू नसलेलं लाकूड एकदम गरकन फिरतं आणि बोटं त्याच्यासोबत जातात.

आपण जे नकाशे विकत घेतो ते बहुधा त्याच्या वाटेने गेलेल्यांचे, उदाहरणार्थ हॅल टेलर किंवा चार्ल्स ब्रॉक या अमेरिकन सुतारांचे. सोबत साचे, सूचना, व्हिडिओ असतो. मापं इंचात. आमच्या मिस्त्रींना त्याचा आनंदच झाला, कारण त्यांचा सगळा हिशेब अजून इंच आणि सुतात चालतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. लाकूड मात्र बोर्डफुटात लिहिलेलं. बारा बोर्डफूट म्हणजे एक घनफूट, आणि खुर्चीला चाळिसेक बोर्डफूट लागतं. म्हणजे सव्वातीन घनफुटांच्या वर. मालूफ मुख्यतः अक्रोड वापरायचा. आम्ही सागवान घेतलं, एका पाडलेल्या वाड्याच्या तुळईतलं. सुकलेलं, सरळ रेषेचं. त्यातले मोडके खिळे शोधण्यात मात्र एक अख्खा दिवस गेला. जुना साग तेलकट असतो, म्हणून गोंद लावण्याआधी तो थिनरने पुसायचा, हे मिस्त्रींनी सांगितलं. नकाशात ते नव्हतं.

आता तो सांधा. जग ज्याला मालूफचा सांधा म्हणतं, तो पाय आणि बैठक यांच्यामधला. बैठकीच्या कडेला एक चौकोनी खाच करायची. खाचेच्या वरच्या आणि खालच्या कडा राउटरने गोल करायच्या. मग पायात उलटी खाच पाडायची, पण तिचे आतले कोपरे बरोबर तेवढ्याच गोलाईचे. पाय आत सरकवला की तो बैठकीला तिन्ही बाजूंनी मिठी मारतो. गोंदाला जागा भरपूर मिळते, पाय कुठल्याच बाजूला हलू शकत नाही. एवढ्यावरही मालूफ आतून स्क्रू मारायचा आणि वर आबनुसाची बुचं बसवायचा. उंची फर्निचरला स्क्रू म्हणून काही लोकांनी नाकं मुरडली. मला विचाराल तर काळ्या लाकडाचे ते गोल ठिपके खुर्चीला शोभतात.

बैठक एका फळीची नसते. चार-पाच तुकड्यांच्या कडा किंचित तिरक्या रंधून जोडतात, पिंपाच्या फळ्यांसारख्या, म्हणजे बैठकीला आधीच थोडी खोली येते आणि कोरण्याचं काम वाचतं. खालचे रॉकरही अखंड लाकडाचे नाहीत. सरळ लाकडातून कमान कापली तर टोकाशी रेषा आडवी पडते आणि लाकूड तिथेच तुटतं. म्हणून सुतभर जाडीच्या पट्ट्या गोंद लावून साच्यावर वाकवायच्या आणि क्लॅम्पनी आवळून ठेवायच्या. आमच्याकडे क्लॅम्प पुरले नाहीत. शेजारच्या वेल्डरचे आणले.

इथपर्यंत कागद सोबत असतो. त्यानंतर कानस आणि पॉलिशपेपर. हात कुठे जाड ठेवायचा, पायाची कड कुठे विरून जाऊ द्यायची, याला आकडा नाही. मिस्त्री डोळे मिटून पंजा फिरवायचे आणि अंगठ्याला उंचवटा लागला की तिथे खडूची खूण करायचे. दिवसभरात खुर्ची पांढऱ्या ठिपक्यांनी भरायची. शेवटी तेल: मालूफची रीत पॉलियुरेथेन, टंग ऑइल आणि जवसाचं तेल सारख्या भागांत मिसळून चोळण्याची, वर मेणाचा हात. तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नयेत, त्या आपोआप पेट घेतात. आम्ही दोरीवर वाळत घातल्या.

पण ते तेल सगळ्यात शेवटी. त्याआधी रॉकरचा तोल. गोंद न लावता खुर्ची त्यांच्यावर नुसती ठेवून बघायची असते. ठेवली, तर ती मागे रेलली. मागचे पाय आम्ही जरा जाड ठेवले होते, भीतीपोटी. मिस्त्री हळूच तिच्यावर बसले, एक झोका घेतला, पाय टेकवून थांबले. मग उठून नकाशाकडे न बघता दोन्ही रॉकर मागे सरकवले आणि पेन्सिलीने रेघ मारली. दोन सूत.