प्राथमिक शाळेचें दाखल-खारीज पुस्तक : एक उपेक्षित साधन

ऐतिहासिक साधनें म्हटलीं म्हणजे सनदा, महजर, बखरी आणि पोथ्या यांकडे आपली दृष्टि प्रथम वळते, व तें योग्यच आहे. परंतु गांवोगांवच्या सरकारी प्राथमिक शाळेच्या कपाटांत जें एक जाड बांधणीचें पुस्तक असतें, त्याकडे संग्राहकांचें लक्ष क्वचितच जातें. नागपूर प्रांतीं त्यास दाखल-खारीज म्हणतात. इतरत्र जनरल रजिस्टर हें नांव रूढ आहे. शाळेंत कोणाचीं मुलें आलीं, किती टिकलीं आणि कां गेलीं, हें या एकाच पुस्तकावरून कळतें. तें कसें वाचावें, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

नागपूरच्या पूर्वेस, भंडाऱ्याच्या वाटेवर, कन्हान नदीकांठीं मौदा हें गांव आहे. त्या तालुक्यांतील शाळा आम्ही उदाहरणादाखल डोळ्यांपुढें ठेवीत आहों. हा मुलूख धानाचा. अलीकडे तेथें औष्णिक विद्युत्केंद्र झाल्यानें परप्रांतीय कुटुंबांचीही भर पडली. नागपूरचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें व १८६१ सालीं मध्यप्रांत बनला. पुढें १९४८ च्या कायद्यानें जनपद सभा आल्या, १९५६ सालीं विदर्भ मुंबई राज्यास जोडला गेला, आणि १९६२ सालीं जिल्हा परिषद आली. शाळा तीच, धनी मात्र बदलत गेले. यामुळें पुस्तकाच्या मथळ्यावरून त्याचा काल अजमावतां येतो. 'डिस्ट्रिक्ट कौन्सिल' असें छापलेलें असेल तर कागद जनपद सभेच्या आधींचा, 'जनपद सभा' असेल तर १९६२ पूर्वींचा. मात्र छापील कागद कागदाचा काल सांगतो, नोंदीचा नव्हे. जुने फॉर्म संपेपर्यंत वापरण्याची काटकसर शाळाखात्यास नवी नाहीं!

रकाने सामान्यतः असे : अनुक्रमांक, मुलाचें व पालकाचें नांव, जात, धंदा, राहण्याचें ठिकाण, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस, वर्ग, नांव काढल्याचा दिवस आणि त्याचें कारण. यांपैकीं जन्मतारखेवर फार भिस्त ठेवूं नये. ज्या मुलांची जन्मनोंद नसे, त्यांची तारीख गुरुजी अंदाजानें घालीत. १ जून किंवा १ जुलै रोजीं जन्मलेलीं मुलें एकाच पानावर ओळीनें भेटतात तीं यामुळें. जातीचा रकानाही पालकानें जसें सांगितलें, किंवा गुरुजींनीं जसें ऐकलें, तसा भरलेला असतो. कुणबी, तेली, कोष्टी, महार, गोंड हीं नांवें मोजून गांवाची खानेसुमारी झाली असें मात्र समजूं नये. शाळेंत आलेल्यांचीच ती गणती होय. असा जातवार पट काढण्याची कल्पना जुनी आहे. मद्रास इलाख्यांत मन्रोनें १८२२ सालीं कलेक्टरांकडून तो मागविला होता.

आतां मुख्य मुद्दा. शाळेची योग्यता ठरवितांना लोक निकालपत्रक पाहतात, आणि निकालपत्रकांत उरलेल्यांचाच निकाल असतो. एक कल्पित हिशेब घेऊं. पहिलींत ६० मुलें दाखल झालीं. त्यांतील १२ चौथीच्या परीक्षेस बसलीं आणि १० उत्तीर्ण झालीं. निकाल शेकडा ८३ लागला म्हणून गांवांत पेढे वांटले जातील. परंतु दाखल-खारीज पुस्तक म्हणेल, आलेल्यांपैकीं एक षष्ठांशच पार पडले. दोन्ही विधानें खरीं आहेत. मग उरलेले ४८ कोठें गेले? त्यांचें उत्तर शेवटच्या रकान्यांत असतें : 'गांव सोडलें', 'सतत गैरहजर', 'घरकाम'. हीं कारणें जात, धंदा व महिना यांच्या रकान्यांशीं ताडून पाहावीं. रोवणीच्या दिवसांत नांवें कमी झालीं आणि तींच पुन्हां दाखल झालीं असतील, तर तेथें मुलांची बुद्धि नव्हे, शेत बोलत असतें. एकाच मुलाचे दोन क्रमांक आढळतात तेही बहुधा असेच. मोजतांना त्यांस दोन मुलें समजूं नये. केवळ शेकडेवारीवरून शिक्षकास नांवें ठेवणें आम्हांस सबंध नोकरींत कधीं पटलें नाहीं.

आमचा हिशेब कल्पित असला तरी अतिशयोक्तीचा नाहीं. हार्टोग समितीनें १९२९ सालीं दाखविलें कीं, ब्रिटिश हिंदुस्थानांत १९२२–२३ सालीं पहिलींत असलेल्या दर शंभर मुलांमागें १९२५–२६ सालीं चौथींत अवघीं १८ होतीं. गाडगीळ व दांडेकर यांनीं सातारा जिल्ह्यांतील प्राथमिक शिक्षणाच्या पाहण्यांचा अहवाल १९५५ सालीं प्रसिद्ध केला. मौद्याकडील पुस्तकांवर असें काम कोणी तरुण अभ्यासकानें हातीं घेतल्यास वर्षभरांत पुरें होण्यासारखें आहे.

एका नोंदीचें मोल केवढें असूं शकतें, याचें उदाहरण त्याच साताऱ्यास आहे. तेथील इंग्रजी शाळेच्या पुस्तकांत १९१४ या क्रमांकापुढें, ७ नोव्हेंबर १९०० रोजीं, भिवा रामजी आंबेडकर हें नांव दाखल आहे. २०१७ पासून महाराष्ट्रांत तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

सामान्य माणसासही या ओळी तितक्याच मोलाच्या झाल्या आहेत. जात-पडताळणींत अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींस ६ सप्टेंबर १९५० आणि इतर मागासवर्गांस १३ ऑक्टोबर १९६७ या दिवसांपूर्वींचे कागद विशेष महत्त्वाचे मानले जातात. हलबा-कोष्टी वादांत सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं निर्णय दिला. कुणबी नोंदी शोधण्यासाठीं २०२३ सालीं न्यायमूर्ति शिंदे समिती नेमली गेली, तेव्हां शाळांचीं जुनीं पुस्तकें व मोडी जाणणारे वाचक यांची एकदम आठवण झाली. नातवाचा दाखला आजोबांच्या एका ओळीवर अवलंबून असतो, आणि ती ओळ कसरीच्या तोंडीं असते.

म्हणून संग्राहकांस विनंती आहे कीं, हें पुस्तक विकत वा भेट म्हणून घेऊं नये. शाळेच्या ताब्यांतून सुटलेलें पान पुराव्याच्या दृष्टीनें निम्मे मोल गमावतें. शाळा बंद होत असेल किंवा दुसरींत मिळवली जात असेल, तर पुस्तक कोणाच्या स्वाधीन झालें याची लेखी पोंच मुख्याध्यापकांकडून पाहून घ्यावी. परवानगीनें प्रत्येक पानाचें छायाचित्र दोन्ही समासांसह काढावें. खाडाखोड असेल तेथें ती तशीच दाखवावी, आणि मोडी नोंदींचें बालबोध वाचन वेगळ्या कागदावर लिहावें, मूळ पानावर नव्हे.