क्राउडफंडिंगवरच्या गेमला पैसे द्यायचे का? आधी हा हिशोब करा

मागच्या महिन्यात माझा भाचा दुकानात आला आणि म्हणाला, "मामा, तुझ्या कार्डवरून दोन हजार भर ना. एक गेम येतोय, आत्ता पैसे दिले तर आपलं नाव शेवटच्या यादीत येणार." मी विचारलं, "गेम कधी मिळणार?" तर म्हणे, "दीड वर्षाने. अजून बनवतायत."

म्हणजे वस्तू तयार नाही, बिल नाही, बनवणारा माणूस दुसऱ्या देशात, आणि पैसे मात्र आज. आपण धंदेवाली माणसं, पहिला विचार हाच येतो की हे फसवणूक तर नाही? पण मी दोन रात्री बसून वाचलं तेव्हा कळलं की हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. माणूस चोर आहे का, हे तर बघायचंच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, हा माणूस हे काम पूर्ण करू शकेल का?

आधी समजून घ्या, तुम्ही नेमकं काय देताय

किकस्टार्टर ही या क्षेत्रातली सगळ्यात ओळखीची अमेरिकन साइट, २००९ साली सुरू झाली. पद्धत सोपी आहे. गेम बनवणारी टीम सांगते की आम्हाला इतके पैसे लागतील. ठरलेल्या मुदतीत तेवढी रक्कम जमली तर बॅकरच्या म्हणजे पैसे देणाऱ्यांच्या कार्डवरून पैसे कापले जातात. नाही जमली तर कुणाचा एक रुपयाही जात नाही.

आता बघा, ही खरेदी नाही, कारण वस्तू अजून अस्तित्वातच नाही. ही गुंतवणूकही नाही, कारण गेम कोट्यवधींना विकला गेला तरी तुम्हाला नफ्यात वाटा नाही. हा आहे बयाणा. तोही अशा सुताराला, ज्याचं वर्कशॉप तुम्ही पाहिलेलं नाही. किकस्टार्टरनेच २०१२ साली जाहीरपणे सांगितलं होतं की आम्ही दुकान नाही. त्यांच्या नियमाप्रमाणे टीमने काम पूर्ण करायला हवं, आणि नाही जमलं तर पैसे कुठे गेले ते सांगून उरलेले परत करायला हवेत. पण साइट स्वतः कसलीही हमी घेत नाही.

माझा स्वतःचा अनुभव

दुकान सुरू करताना मी रॅकसाठी एका सुताराला ४० हजार ॲडव्हान्स दिला. एका महिन्याचं काम, मिळालं पाच महिन्यांनी. तो चोर होता का? अजिबात नाही. त्याने माझ्या पैशातून आधीच्या गिऱ्हाइकाचं प्लायवूड आणलं आणि माझं काम पुढच्या गिऱ्हाइकाच्या ॲडव्हान्सवर ढकललं. मनात खोट नव्हती, हिशोब चुकला होता. पण दिवाळीचा सीझन माझा गेला, त्याचा नाही!

गेमच्या जगात बरंचसं असंच घडतं.

चार खरी उदाहरणं

पहिलं, डबल फाइन. टिम शेफर हे गेमच्या दुनियेतलं मोठं नाव. २०१२ साली त्यांच्या कंपनीने ४ लाख डॉलर मागितले, जमले ३३ लाखांहून जास्त. गेम त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये देणार होते. पण पैसे वाढले तसा गेमचा आकारही वाढवला, आणि २०१३ मध्ये सांगावं लागलं की पैसे पुरत नाहीत. मग 'ब्रोकन एज' दोन भागांत आला. पहिला भाग जानेवारी २०१४ ला, दुसरा एप्रिल २०१५ ला. आठपट पैसे मिळूनही कमी पडले! आपल्याकडे नाही का, कर्ज जास्त मंजूर झालं की दुकानाचं फर्निचरही महाग होतं.

दुसरं, योगव्हेंचर्स. एका लोकप्रिय यूट्यूब चॅनलच्या नावावर २०१२ साली साडेपाच लाखांहून जास्त डॉलर जमले. गेम बनवणारी टीम मात्र वेगळी होती, आणि नवखी. २०१४ मध्ये काम बंद पडलं. टीमच्या प्रमुखाने नंतर स्वतः सांगितलं की एका चित्रकाराला ३५ हजार डॉलर एकरकमी दिले होते, तो दोनेक आठवड्यांत दुसरी नोकरी धरून गेला आणि करार असा होता की पैसे परत मागता येईनात. इथे मी पण चॅनलवाला आहे म्हणून सांगतो, चॅनलचे फॉलोअर जास्त आहेत म्हणून त्याला गेम बनवता येतो असं नसतं.

तिसरं, शॉव्हेल नाइट. यॉट क्लब गेम्स ही छोटी टीम, पण एका गेम कंपनीत एकत्र काम केलेली माणसं. २०१३ साली ७५ हजार डॉलर मागितले, ३ लाख ११ हजार मिळाले. गेम २०१४ च्या जूनमध्ये आला, म्हणजे यांनाही उशीर झालाच. शेवटच्या महिन्यांत पगाराला पैसे उरले नव्हते. पण त्यांनी खर्चाचा हिशोब लोकांसमोर मांडला, आणि मोहिमेत कबूल केलेले जादा भाग देता देता २०१९ उजाडलं तरी शब्द पाळला.

चौथं, स्टार सिटिझन. २०१२ च्या मोहिमेत २०१४ ची तारीख दिली होती. पैसे येतच राहिले, २०२२ मध्ये एकूण आकडा ५० कोटी डॉलरच्या वर गेला. लोक खेळतायत, पण अपूर्ण आवृत्ती. पूर्ण झालेला गेम अजून हातात नाही. कुणी याला फसवणूक म्हणतं, कुणी म्हणतं आम्ही खूश आहोत. माझं म्हणणं एवढंच की ज्याला डेडलाइन नाही आणि पैशाची टंचाई नाही, त्याचं काम संपत नाही.

मग बुडण्याचं प्रमाण किती?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे प्राध्यापक ईथन मॉलिक यांनी यावर काम केलंय. त्यांच्या २०१५ च्या अहवालात किकस्टार्टरवर पैसे जमलेल्या १०० पैकी साधारण ९ प्रकल्पांनी कबूल केलेली वस्तू दिलीच नाही, असं दिसलं. हे सगळ्या प्रकारचे प्रकल्प, फक्त गेम नाहीत. आणि त्यांच्याच आधीच्या अभ्यासात वस्तू देणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त लोक उशिरा देतात असं आढळलं. म्हणजे बुडणं हा अपवाद, उशीर हा नियम.

आणि बुडाले तर? अमेरिकेत २०१५ मध्ये सरकारी व्यापार आयोगाने क्राउडफंडिंगमधली पहिली केस एका बोर्ड गेमवाल्यावर केली. त्याने लोकांच्या पैशातून घरभाडं भरलं होतं. सुमारे १ लाख ११ हजार डॉलर भरण्याचा आदेश झाला, पण त्याची भरायची ऐपतच नाही म्हणून वसुली स्थगित ठेवली. जिंकूनही हातात काही नाही. आपण इथे बसून तिकडे काय वसूल करणार?

आता तो हिशोब

हा हिशोब कागदावर करा, पाच मिनिटं लागतात. समजा पाच जणांची टीम आहे, प्रत्येकाला महिना ५० हजार, आणि काम दोन वर्षांचं. फक्त पगार झाला ६० लाख. त्यांनी मागितले १५ लाख. त्यातून साइटचे ५ टक्के आणि पेमेंटचं कमिशन धरून साधारण दीड लाख गेले. टी-शर्ट, पुस्तकं, कुरिअर यात आणखी २ लाख. उरले साडेअकरा. पगार महिन्याला अडीच लाख, म्हणजे गाडी चालणार साडेचार महिने.

मग बाकीचे साडेएकोणीस महिने कशावर? याचं उत्तर त्या पानावर असलं पाहिजे. "आमचे पैसे आहेत", "पब्लिशर आहे", "अर्धा गेम तयार आहे", काहीही चालेल. उत्तरच नसेल तर तिथून निघा.

त्याशिवाय हे पाच प्रश्न विचारा:

१. या टीमने आधी एखादा गेम पूर्ण करून विकलाय का? छोटा असला तरी चालेल.
२. आज खेळून बघायला काही आहे का? नुसतं चित्र आणि संगीत म्हणजे फर्निचरचा कॅटलॉग.
३. जास्त पैसे आले तर काय करणार? प्रत्येक टप्प्यावर नवीन वचन असेल तर सावध राहा.
४. धोके कोणते, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलंय का? "आम्हाला सगळं जमतं" हे उत्तर नाही.
५. बॅकरशी किती वेळा बोलतात? उशीर चालेल, गप्प बसणं चालणार नाही.

आपल्या पुण्याचं उदाहरण

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' नावाच्या गेमसाठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर प्रयत्न केला. रक्कम जमली नाही, मोहीम फसली, कुणाचे पैसे कापले गेले नाहीत. पण त्यांनी काम सोडलं नाही, पब्लिशर मिळवला आणि २०२० मध्ये गेम बाजारात आणला. म्हणून मोहीम फसली म्हणजे टीम वाईट असं नाही, आणि मोहीम गाजली म्हणजे गेम येणारच असंही नाही. जमलेला आकडा लोकांचा उत्साह सांगतो, टीमची ताकद सांगत नाही.

भाच्याचं काय झालं?

मी भाच्याला कागद आणि पेन दिलं. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं त्याला पानावर सापडली. हिशोब मात्र जुळत नव्हता, म्हणून त्याने टीमला मेल करून विचारलं. चार दिवसांनी उत्तर आलं की दोघं जण नोकरी सांभाळून काम करतायत, पगार घेत नाहीत. त्यावर त्याने दोन हजाराऐवजी सगळ्यात लहान रक्कम निवडली, स्वतःच्या साठवलेल्या पैशातून. मी एकच अट घातली की हे पैसे आजच गेले असं समजायचं. गेम आला तर आनंद.

आणि मित्रांनो, तुम्ही स्वतः गिऱ्हाइकाकडून ॲडव्हान्स घेत असाल, तर हेच पाच प्रश्न उलटे करून स्वतःला विचारा. केक असो, शिलाई असो की इंटिरियर, समोरचा तुमचा बॅकरच आहे. उशीर होणार असेल तर त्याने फोन करायच्या आधी तुम्ही फोन करा.

हिशोबाचा कोरा तक्ता व्हिडिओत दाखवलाय, तो थांबवून उतरवून घ्या. भेटूया पुढच्या भागात.