कामधेनूची किंमत किती मोहरा?

लातूर जिल्ह्यातल्या देवणीचे नाव दूरवर पोचले ते गुरांमुळे. काळ्या-पांढऱ्या रंगाचे, लोंबत्या कानांचे, दुधालाही आणि औतालाही उपयोगी पडणारे हे जनावर. रंगावरून त्यात वानेरा, बाळंक्या, शेवेरा असे प्रकार ओळखतात. अशा मुलखात संपत्तीचे पहिले उदाहरण म्हणजे गोठ्यात बांधलेली गाय. तिला चारा-पाणी लागते, ती आजारी पडते, ती विकायची तर घरात चार दिवस बोलणे होते आणि ती कोणी सोडून नेली तर दोन घरांत वैर उभे राहते. खजिना म्हणजे काय, या प्रश्नाचे हे उत्तर एका आधुनिक खेळाच्या फार कामाचे आहे. सूत्रधार आणि चार-पाच गडी टेबलाभोवती बसून, फासे टाकत, तोंडी कथा रचत जे रोलप्लेइंग गेम खेळतात, त्यांत पुराणातली अस्त्रे, मणी आणि पात्रे हल्ली खजिना म्हणून वापरली जातात. हा वापर बहुतेक वेळा फसतो, आणि तो का फसतो याचे कारण पुराणकथांच्या रचनेतच सापडते, असे मला वाटते.

या खेळांचा आरंभ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने झाला. पुढच्या दोनच वर्षांत, १९७६मध्ये, जगभरच्या दैवतकथा खेळात आणणारे पुस्तक निघाले. त्यात भारतीय देवही होते. १९८०च्या ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’मध्ये ते पुन्हा आले. प्रत्येक देवतेपुढे ती किती मार सोसू शकते याचा आकडा आणि तिचे शस्त्र किती इजा करते याचा आकडा. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीने बहुतेक जादुई वस्तूंना सोन्याच्या नाण्यांत भाव ठरवून दिला. खेळ चालवायचा तर आकडे लागतातच, त्याबद्दल तक्रार नाही. पण स्यमंतक मणी त्या यादीत बसवला की तो रोज सोने देणारे यंत्र होतो, आणि गांडीव म्हणजे जरा जास्त लांब बाण फेकणारे धनुष्य. पुराणातल्या वस्तूचा जीव तिच्या बळापेक्षा तिच्यावर घातलेल्या अटीत असतो. ती कोणी बाळगावी, कशी बाळगावी, कधी परत करावी, हे ठरलेले असते. खेळात ती अट आली नाही तर उरते ते फक्त नाव.

स्यमंतकाचेच पाहू. भाद्रपदातल्या चतुर्थीला चंद्र पाहिला तर खोटा आळ येतो, म्हणून ही कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. भागवताच्या दहाव्या स्कंधात मणी रोज आठ भार सोने देतो आणि जिथे त्याची पूजा होते तिथे दुष्काळ व रोगराई येत नाही. एवढ्यावर कथा थांबली असती तर ती कोणाच्या लक्षात राहिली नसती. विष्णुपुराण सांगते की अशुचि अवस्थेत मणी धारण करणाऱ्याचा तो घात करतो. प्रसेन तो घालून शिकारीला जातो आणि सिंहाच्या तोंडी पडतो, सिंहाला जांबवान मारतो, चोरीचा आळ कृष्णावर येतो, सत्राजिताचा खून होतो, शतधन्वाही जातो. शेवटी मणी अक्रूराकडे निघतो तेव्हा कृष्ण म्हणतो की इतक्या बायकांच्या संसारात मला तो पेलणार नाही, मद्याची आवड असलेल्या बलरामालाही नाही. तेव्हा तो अक्रूराकडेच असू द्यावा. सर्वांत बलाढ्य पात्र स्वतःच स्वतःला अपात्र ठरवते. भावपत्रकात हा प्रसंग मांडायला जागाच नाही, आणि खेळाच्या टेबलावर मात्र यापेक्षा रंगणारा प्रसंग सुचणे अवघड आहे.

अक्षयपात्राची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. सूर्याने दिलेले हे पात्र द्रौपदीचे जेवण होईपर्यंतच अन्न देते. तिचे जेवण उरकल्यावर दुर्वास शिष्यांसह दारात येतात, आणि पात्राला चिकटलेल्या भाजीच्या कणावर कृष्ण प्रसंग निभावून नेतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत दुर्वासांचा हा प्रसंग मूळ संहितेत घेतलेला नाही. तो नंतरची भर म्हणून परिशिष्टात गेला. म्हणजे पुढच्या कथेकऱ्यांना भर घालावीशी वाटली ती नेमकी अट ताणून पाहणाऱ्या प्रसंगाची. पात्रातून आणखी पंचपक्वान्ने काढून दाखवणे त्यांना सहज जमले असते. तरी त्यांनी ते रिकामे झाल्यानंतरची वेळ निवडली. लोकप्रिय झाला तोही हाच भाग.

परतफेडीचा नियमही असाच. खांडववन जाळायच्या वेळी अग्नीने वरुणाकडून मागून आणलेले गांडीव अर्जुनाला मिळाले. कृष्णाच्या मृत्यूनंतर द्वारकेच्या स्त्रियांना नेत असताना आभीरांनी वाट अडवली, तेव्हा त्याच अर्जुनाला ते धनुष्य कसेबसे चढवता आले, अस्त्रे आठवेनात, भातेही रिते झाले. महाप्रस्थानाच्या वाटेवर अग्नी पुन्हा समोर उभा राहून धनुष्य परत मागतो आणि अर्जुन ते पाण्यात सोडतो. ती वस्तू अर्जुनाच्या मालकीची कधी नव्हतीच. कामापुरती त्याच्याकडे होती, आणि काम संपल्याची खूण आधी वस्तूला कळली, माणसाला नंतर.

मराठवाड्यात या सगळ्याचा मेळ घालणारे एक ठिकाण आहे: नांदेड जिल्ह्यातले माहूर. साडेतीन शक्तिपीठांपैकी रेणुकेचे पीठ इथे आहे आणि दत्तशिखरही इथेच. कार्तवीर्य सहस्रार्जुनाला हजार हात मिळाले ते दत्तात्रेयांच्या वराने. त्याच राजाने जमदग्नीच्या आश्रमातली कामधेनू बळाने नेली. त्यातून परशुरामाचा परशू उचलला गेला, राजा मेला, त्याच्या मुलांनी जमदग्नीला मारले आणि पृथ्वी एकवीस वेळा निःक्षत्रिय झाली. पित्याचे अंत्यसंस्कार परशुरामाने माहुरावर केले अशी तिथली श्रद्धा आहे. बळ देणारा, खजिना राखणारा आणि सूड घेणारा अशी तिन्ही पात्रे एका डोंगरावर नांदतात. यात खजिना म्हणजे गाय, आणि ती लुटताच सत्ता कोसळते. पुढे परशुरामाने जिंकलेली भूमी कश्यपाला दिली. द्रोण धन मागायला आला तेव्हा उरली होती फक्त अस्त्रे, ती त्याने दिली. तिथून ती कुरुक्षेत्रावर पोचली. अस्त्राला अशी वंशावळ असते आणि प्रत्येक पिढी आधीच्या पिढीचे देणे डोक्यावर घेते.

हा गुण फक्त संस्कृत पुराणांचा आहे असेही नाही. १९४८पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि देवणीचा शेजारी उदगीर तालुका बीदर जिल्ह्यात मोडत असे. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. त्या भाषेतल्या दास्तानांत अमर अय्यारची झंबील नावाची झोळी आहे. तिच्यात जग मावते. पण ती पुण्यपुरुषांकडून मिळालेली देणगी आहे. तिथला तिलिस्म, म्हणजे जादूचा प्रदेश, कोणीही मोडू शकत नाही. तो ज्याच्या नावे लिहिलेला असतो त्यालाच, आणि लौह नावाच्या पाटीवरचे आदेश पाळल्यावरच, तो मोडता येतो. खुद्द ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या कर्त्यांनीही १९७६मध्ये व्हेक्नाचा हात आणि डोळा या वस्तू आणल्या तेव्हा त्यांना वाईट परिणाम जोडले. धारकाला तो हात बसवण्यासाठी आधी स्वतःचा हात गमवावा लागतो. म्हणजे उत्तम वस्तू रचताना तेही अटीकडेच वळले.

यावर पहिला आक्षेप खेळाडूंचा असेल. आठवडाभर राबून रविवारी खेळायला बसायचे आणि तिथेही सोवळे-ओवळे, परतफेड, आळ? कष्टाने मिळवलेली वस्तू वापरायची भीती वाटू लागली तर मजा कसली? ही तक्रार खरी आहे, पण ती लपवलेल्या अटीला लागू पडते. सूत्रधाराने अट ऐन वेळी खिशातून काढली तर ती फसवणूक ठरते. ती आधीपासून सर्वांना माहीत असली की प्रत्येक वापर हा निर्णय होतो. कर्णाकडची वासवी शक्ती एकदाच सुटणार हे त्याला ठाऊक होते, म्हणून ती अर्जुनासाठी राखलेली असताना घटोत्कचावर सोडावी लागली, तो क्षण आपल्याला बोचतो. मराठी खेळाडूला या अटी लहानपणापासून पाठ असतात. त्यामुळे आश्चर्य उरणार नाही असे कोणी म्हणेल. पण पुढे काय होणार हे माहीत असूनही हात पुढे करावा लागणे, यात आश्चर्यापेक्षा अधिक नाट्य आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: देवाच्या वस्तूंचा खेळ करावा का? आपल्या परंपरेत भक्ती आणि खेळ यांच्यात इतकी उंच भिंत नव्हती. पैठणच्या एकनाथांनी भारुडांत सोंगे नाचवली. सापशिडीचा पूर्वज मानल्या जाणाऱ्या मोक्षपटाचे श्रेय मराठी परंपरा ज्ञानेश्वरांना देते. जेजुरीला दसऱ्यानंतर खंडोबाचा सुमारे ४२ किलोंचा खंडा उचलण्याची स्पर्धा लागते आणि त्यात देवाची अप्रतिष्ठा कोणाला दिसत नाही. तरीही एक रेघ ओढणे योग्य. ज्या वस्तू आज प्रत्यक्ष पूजेत आहेत त्या टेबलावर आणू नयेत. नांदेडच्या सचखंड श्री हजूर साहिबमधली गुरू गोविंदसिंगांची शस्त्रे हे त्याचे उदाहरण. ज्या कथेत आहेत आणि कथेतच फिरत राहिल्या, त्या घ्याव्यात. अप्रतिष्ठा होते ती वस्तूला भाव लावल्याने. अटीसकट आणलेली वस्तू उलट आपला आब राखून येते.

मग देवणी परिसरात घडणारी मोहीम रचायची तर तिचा खजिना काय असावा? उदगीरच्या किल्ल्यात पुरलेल्या मोहरा सर्वांना सुचतील. माझे मत गायीच्या बाजूने आहे. जमदग्नीच्या गोठ्यातली वासरी पिढ्यान् पिढ्या लपत या डोंगरपट्टीत आली असे कल्पावे. ती मागेल ते देते, पण तिला रोज कोणीतरी चारावे लागते, ती बळाने हलवता येत नाही, आणि तिला पळवणाऱ्याच्या मागे परशू येतो. खेळाडूंना ती सापडल्यावर प्रश्न उरतो तो तिला कुठे न्यायची, तिची राखण कोणी करायची आणि दुष्काळात तिच्याकडे किती मागायचे याचा. इथल्या खेळाडूला हे प्रश्न समजावून सांगावे लागणार नाहीत. म्हणून सूत्रधाराने वस्तूच्या नावापुढे तिचा भाव लिहिण्याआधी तीन गोष्टी लिहाव्यात: ती कोणाची आहे, ती कशाने नाराज होते, आणि ती शेवटी कोणाला परत द्यायची आहे. हे तीन रकाने भरता आले नाहीत तर ती वस्तू खुशाल यादीतल्या साध्या तलवारीच्या भावाने विकावी. तिला पुराणातले नाव देण्याची गरज नाही.