खणातल्या कातड्यांकडून माळावरच्या आवाजाकडे

लांबी दहा सेंटिमीटर, वजन जेमतेम दहा ग्रॅम, पाठीवर तपकिरी-काळ्या रेघा. गवतातला हा पंखाशेपट्या वटवट्या डोळ्यांसमोर बसला तरी चटकन ओळखू येत नाही. अभ्यासकांनाही तो दीडशे वर्षे असाच चकवत राहिला.

1810 साली निसर्गअभ्यासक राफिनेस्कने इटलीतून त्याला पहिले शास्त्रीय नाव दिले. 1831 साली मेजर जेम्स फ्रँकलिनने गंगाकाठ आणि विंध्य भागात जमवलेल्या पक्ष्यांत आपल्याकडचा वटवट्या नोंदवला, पण निराळी जात म्हणून. आज दोन्ही एकच मानतात. घोळ होणारच होता. विणीच्या हंगामात याचा पिसारा वेगळा, एरवी वेगळा. शेपटीची लांबीसुद्धा बदलते. संग्रहालयाच्या खणातले मेलेले कातडे यातले काय सांगणार?

खरी कलाटणी 1930 साली मिळाली. ह्यूबर्ट लाइन्स या निवृत्त ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने आफ्रिकेची गवताळ राने तुडवून या पक्ष्याच्या सगळ्या भावंड-जातींची फेरमांडणी केली आणि रंगाइतकेच महत्त्व आवाजाला व उड्डाणाला दिले. दिसायला जुळ्या वाटणाऱ्या जाती गाण्यावरून सुट्या झाल्या. माझ्या मते पक्षिशास्त्रातले हे मोठे काम, पण आपल्याकडे त्याची चर्चा क्वचितच होते.

सवयींचा उलगडा आणखी उशिरा झाला. नर जिवंत गवताची पाती कोळ्याच्या जाळ्याने बांधून वर तोंड असलेली पिशवी विणतो. मादीला ती पसंत पडली तर आतले अस्तर, अंडी उबवणे, पिल्लांना भरवणे सगळे तिच्याकडे. हा गडी पुढचे घरटे बांधायला मोकळा! जपानच्या केईसुके उएदा यांनी 1984 साली नराचा हा बहुपत्नी संसार तपशिलाने मांडला.

महाराष्ट्राच्या माळांवर त्याला ओळखायला पावसाळ्यासारखे दिवस नाहीत. नर हवेत लाटांसारखा वर-खाली उडतो आणि प्रत्येक हेलकाव्याला एकेक ‘झिट्’ सोडतो. गवतात उतरताना शेपटी पसरली, तर टोकांचा पांढरा रंग दिसतो. त्याच्याशी गल्लत होऊ शकणारा साधा वटवट्या मात्र लांब शेपटीचा आणि बिनरेघांचा असतो.

घरटे गवतात अगदी खाली असते, गुरांच्या खुराखाली सहज येईल इतके. म्हणून गावच्या कुरणाचा निदान एक तुकडा पाऊस सरेपर्यंत राखून ठेवा. चराई आणि कापणी त्यानंतर करा.